गिटार गाते, गळा ताल धरतो: मेलोडिक डेथ मेटल अल्बम पहिल्या रिफपासून प्रकाशनापर्यंत

मेलोडिक डेथ मेटल, म्हणजे गुरगुरणारा गळा आणि सुरेल गिटार यांचं जहाल संगीत, ऐकून झाल्यावर माणूस काय गुणगुणतो याकडे एकदा लक्ष द्या. गायकाची ओळ गुणगुणता येत नाही, कारण गुरगुरण्याला आणि किंचाळण्याला ठरावीक सूर नसतो. ओठांवर राहते ती गिटारची चाल. या शैलीत गायिका म्हणजे गिटार, आणि गळा हे ड्रम्सच्या शेजारी बसणारं, धार असलेलं तालवाद्य. एवढी एक गोष्ट पक्की धरली तर रचनेपासून मिक्सपर्यंतचे बरेचसे वाद आपोआप मिटतात. पहिल्या अल्बमच्या वेळी आम्हाला ती उमगली नव्हती. आवाज, अँप, पेडल यांवर आम्ही महिने घालवले आणि चाली मात्र गळ्याखाली दबून गेल्या. पुढचं सगळं त्या अनुभवातून आणि त्यानंतर केलेल्या कामातून आलेलं आहे.

शैलीचं मूळ माहीत असावं, कारण आजही बहुतेक निर्णय त्याच चौकटीत घेतले जातात. लिव्हरपूलच्या 'कारकास'ने १९९३ मध्ये 'हार्टवर्क' काढला, तेव्हा क्रूर आवाजात सुरेल गिटार बसवता येतात हे दिसलं. त्याच सुमारास स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात 'ॲट द गेट्स', 'डार्क ट्रँक्विलिटी' आणि 'इन फ्लेम्स' हे बँड तेच काम वेगळ्या वाटेने करत होते. १९९५ मध्ये 'स्लॉटर ऑफ द सोल' आणि 'द गॅलरी' आले, १९९६ मध्ये 'द जेस्टर रेस'. तिन्ही अल्बम फ्रेडरिक नॉर्डस्ट्रॉम यांच्या 'स्टुडिओ फ्रेडमन'मध्ये ध्वनिमुद्रित झाले. कामाला लागण्याआधी हे तीन अल्बम हेडफोनवर नीट ऐका. प्रत्येक क्षणी पुढे कोण आहे, चाल की गळा, हे कागदावर टिपत ऐका. हा सराव मी आजही करतो.

चाल आधी, रिफ नंतर

रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा. नवी कल्पना सुचली की ती आधी शिट्टीवर किंवा तोंडाने म्हणून बघा. तोंडाने म्हणता येत नसेल तर ती चाल झालेली नाही, ती अजून बोटांची हालचाल आहे. वेगवान पिकिंगमागे (झपाट्याने तारा छेडण्यामागे) कमकुवत चाल सहज लपते. १० सेकंद ऐकताना फसवते आणि ४० मिनिटांच्या अल्बममध्ये उघडी पडते.

स्वरांची निवड फार अवघड नाही. नॅचरल मायनर म्हणजे आपल्या आसावरी थाटाचे स्वर, हार्मोनिक मायनर म्हणजे किरवाणीचे, फ्रिजियन म्हणजे भैरवी थाटाचे. ज्यांच्या कानांवर हे स्वर आधीच आहेत त्यांनी त्याचा उपयोग करावा. किरवाणीतला शुद्ध निषाद षड्जाकडे जी ओढ लावतो, त्या ओढीवर या शैलीतल्या असंख्य ओळी संपतात. मात्र तो निषाद प्रत्येक ओळीत वापरला की त्याची ओढ मरते. माझी पद्धत अशी: मूळ ओळ नॅचरल मायनरमध्ये ठेवायची आणि चार ओळींच्या शेवटी, घरी परतताना, तो एक स्वर चढवायचा.

आता दोन गिटारींची जोड. 'थिन लिझी' आणि 'आयर्न मेडन' या बँडकडून आलेली ही पद्धत मेलोडिक डेथ मेटलचा कणा आहे. एक गिटार चाल वाजवते, दुसरी तीच चाल स्केलमधल्या तिसऱ्या स्वरापासून वाजवते. 'स्केलमधल्या' हा शब्द इथे महत्त्वाचा. ई मायनरमध्ये ई वर जी येतो, एफ शार्पवर ए, जी वर बी. पहिल्या दोन जोड्यांत तीन अर्धस्वरांचं अंतर आहे, तिसऱ्या जोडीत चार. हे अंतर सतत बदलतं आणि त्या बदलातच या जोडीचा रंग आहे. हार्मनी पेडल ठरावीक अंतरावर अडकवून ठेवलंत तर दर दोन-तीन स्वरांनंतर एक स्वर स्केलबाहेर जाईल.

त्यानंतर खालच्या कॉर्डशी (एकत्र वाजणाऱ्या स्वरांशी) जुळवून बघा. समजा खाली ए मायनर वाजतोय आणि चालीत ई आला. नियमाप्रमाणे वर जी ठेवलात तर कॉर्ड सातव्या स्वराची होते आणि धार बोथट होते. कधी कधी तेच हवं असतं. नको असेल तर त्या एका ठिकाणी तिसरा सोडा आणि चौथा घ्या, म्हणजे वर ए ठेवा. कॉर्ड लगेच घट्ट होते. अशा दोन-तीन दुरुस्त्या प्रत्येक चालीत निघतातच. त्या कानाने शोधाव्या लागतात, पण एकदा सापडल्या की दोन गिटारी एकाच छातीतून गायल्यासारख्या वाटतात.

जोड सगळीकडे लावू नका. पहिल्यांदा चाल एकटी येऊ द्या, ऐकणाऱ्याला तिची ओळख होऊ द्या. दुसऱ्या वेळी दुसरी गिटार आली की छाती भरून येते. पहिल्याच फेरीत दोन्ही गिटारी दिल्या तर पुढे द्यायला काही उरत नाही.

कोण बोलतंय ते ठरवा

प्रत्येक गाण्यासाठी एक आडवा कागद घ्या. चार-चार बारचे (आवर्तनांचे) रकाने पाडा आणि प्रत्येक रकान्यात एकच नाव लिहा: चाल, गळा, तालाची रिफ किंवा ड्रम्स. एका रकान्यात दोन नावं लिहावीशी वाटली तर तिथे गोंधळ आहे असं समजा. शब्द दाट असतील तिथे गिटारने खाली उतरून पाम-म्यूटचं, म्हणजे तळव्याने तारा दाबून काढलेल्या आखूड ठोक्यांचं, काम करावं. चाल दाट असेल तिथे गळ्याने गप्प बसावं, किंवा एकच लांब अक्षर ताणून धरावं. कोरसमध्ये ही दुसरी मांडणी सर्वांत चांगली बसते: खाली गळ्याचं लांब अक्षर, वर ट्रेमोलो पिकिंगमधली, म्हणजे एकेक स्वर वेगाने पुन्हा पुन्हा छेडत वाजवलेली चाल.

गायकाला हा कागद पटवून देणं सोपं नसतं. लिहिलेल्या कडव्यातले निम्मे शब्द काढायला सांगणं त्याला टोचतं. पण ध्वनिमुद्रणाच्या खोलीत भांडण्यापेक्षा हे काम सरावाच्या खोलीत झालेलं बरं.

शब्दांबद्दल एक निरीक्षण. ग्राउलमध्ये, म्हणजे गुरगुरत्या गायनात, स्वरापेक्षा व्यंजन जास्त ऐकू येतं. ओळीची सुरुवात क, ट, ड, ग अशा कडक व्यंजनाने झाली की ती ड्रमच्या ठोक्यासारखी लागते, आणि शेवट आ किंवा ओ वर झाला की आवाज ताणायला जागा मिळते. मराठीत लिहिणाऱ्यांकडे ख, घ, भ, ठ यांसारखी महाप्राण व्यंजनं आहेत. त्यांच्यासोबत श्वासाचा झोत आपोआप येतो. ती ओळीच्या वजनाच्या ठिकाणी ठेवून बघा.

ड्रम्सच्या बाबतीत निर्णय घाईने घेऊ नका. एकच चाल डी-बीटवर (धावत्या ठेक्यावर), ब्लास्ट बीटवर (अखंड, अतिवेगवान ठोक्यांवर) आणि अर्ध्या लयीत वाजवून तिन्ही मुद्रणं फोनवर घ्या आणि दुसऱ्या दिवशी ऐका. ब्लास्टवर घाईची वाटणारी चाल अर्ध्या लयीत अनेकदा गाण्याचा कळस ठरते.

किती गाणी, किती मिनिटं

८ ते १० गाणी आणि ३५ ते ४५ मिनिटं एवढं पुरे. 'स्लॉटर ऑफ द सोल'मध्ये ११ गाणी आहेत आणि तो साधारण ३४ मिनिटांत संपतो. दाट, वेगवान, विकृत आवाजाने कान लवकर थकतात, आणि थकलेल्या कानाला नववी सुंदर चालही सारखीच वाटते. १४ गाण्यांचे डेमो करा आणि ५ बाजूला ठेवा. बाजूला ठेवलेल्यांपैकी एखादं चांगलं निघालं तर ते नंतर एकटं प्रकाशित करता येतं.

डेमो करताना प्रत्येक गाण्याचा टेम्पो आराखडा तयार करा. संपूर्ण गाणं एकाच टेम्पोवर असलंच पाहिजे असं नाही. कोरस दोन-तीन बीपीएमने (मिनिटाला पडणाऱ्या मात्रांनी) वर नेला तर कोणाला फरक कळत नाही, पण गाणं पुढे झुकल्यासारखं वाटतं. वेगाचं गणितही आत्ताच बघून घ्या. २०० बीपीएमवर डबल किकचे सोळावे अंश म्हणजे सेकंदाला सुमारे १३ ठोके, दोन ठोक्यांत ७५ मिलिसेकंदांचं अंतर. ड्रमर हे चार मिनिटं सलग, स्वच्छ वाजवू शकतो का? नसेल तर टेम्पो १९० वर आणा. १९० वरचं नेटकं वाजवणं २०० वरच्या ओढाताणीपेक्षा नेहमी जास्त वेगवान वाटतं.

गिटार लावणं

या शैलीत सी किंवा बी पर्यंत उतरवलेलं ट्युनिंग सर्रास असतं. नेहमीच्या गिटारचा खालचा ई सुमारे ८२.४ हर्ट्झचा असतो, सी ६५.४ हर्ट्झचा. एवढं उतरल्यावर नेहमीच्या तारा सैल पडतात आणि जोरात मारल्यावर सूर वर उडतो. सी साठी ११-५६ (इंचाच्या हजाराव्या भागांत सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी) किंवा त्याहून जाड संच घ्या. तारा बदलल्या की मानेचा ताण, तारांची उंची आणि इंटोनेशन (मानेवरच्या सगळ्या पट्ट्यांवर, म्हणजे फ्रेट्सवर, सूर बरोबर लागणं) पुन्हा लावावं लागतं.

हे शेवटचं काम आम्ही एकदा टाळलं होतं. खालच्या फ्रेट्सवर सगळं ठीक होतं, म्हणून तीन गाण्यांच्या तालाच्या गिटारी मुद्रित करून टाकल्या. चालींची जोड वरच्या फ्रेट्सवर सुरू झाली तेव्हा दोन गिटारींमध्ये लहरी ऐकू येऊ लागल्या. ट्युनर दोन्ही बरोबर दाखवत होता, बाराव्या फ्रेटवर मात्र दोघी वेगळ्या होत्या. तिन्ही गाणी पुन्हा वाजवावी लागली. तेव्हापासून मुद्रणाआधी प्रत्येक तार मोकळी, बाराव्या फ्रेटवर आणि चालीतल्या सर्वांत वरच्या स्वरावर, अशी तीनदा तपासतो. ट्युन करतानाही तार हलक्या हाताने छेडू नका. गाण्यात जितक्या जोरात मारणार आहात तितक्याच जोरात मारून लावा.

ड्रम्सचं मुद्रण

ड्रम्स सर्वांत आधी, क्लिक (लयीचा टिक-टिक आवाज) आणि कच्च्या गिटारीच्या सोबतीने. नवीन कातडी, नीट लावलेलं किट आणि चांगली खोली यांची जागा नंतरचं कोणतंही सॉफ्टवेअर घेऊ शकत नाही. प्रत्येक ड्रमला जवळचा माइक, वर सिंबल्ससाठी दोन, आणि खोलीचा आवाज टिपणारे एक-दोन.

सत्र संपवण्याआधी एक काम विसरू नका. प्रत्येक ड्रमचे सुटे ठोके हळू, मध्यम आणि जोरात असे मुद्रित करून ठेवा. वेगवान ब्लास्टमध्ये स्नेअरचे काही ठोके कमजोर पडतातच. तिथे बाहेरचा तयार आवाज चिकटवण्यापेक्षा तुमच्याच किटचा जोरकस ठोका खाली मिसळला तर सांधा दिसत नाही. दुरुस्ती करताना प्रत्येक ठोका ग्रिडला (संगणकातल्या मात्रांच्या रेषांना) चिकटवू नका. किक घट्ट हवी, स्नेअर थोडी मोकळी चालते, आणि सिंबल्सना हात लावू नये.

ड्रमर नसेल तर प्रोग्राम केलेले ड्रम्स पूर्णपणे चालतात. दोन हात आणि दोन पायच आहेत हे लक्षात ठेवून लिहा. ब्लास्ट चालू असताना टॉमवर फिल आला की कान लगेच ओळखतो. ठोक्यांचा जोर कमीजास्त ठेवा.

गिटारींचं मुद्रण

तुम्ही खऱ्या अँपवर वाजवा किंवा संगणकातल्या, गिटारचा कोरा सिग्नल दरवेळी वेगळा साठवा. तो असला की टोन न आवडल्यास तोच टेक (एकदा वाजवून घेतलेलं मुद्रण) नंतर दुसऱ्या अँपमधून पुन्हा काढता येतो. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ एवढी गुणवत्ता भरपूर आहे.

तालाची गिटार किमान दोनदा वाजवा, एक टेक डावीकडे आणि एक उजवीकडे. एकाच टेकची प्रत करून दोन्हीकडे ठेवली तर ती मध्यभागीच ऐकू येते. रुंदी येते ती दोन टेकमधल्या सूक्ष्म फरकातून. चार टेक घेतले तर भिंत जाड होते, पण चारही टेक घट्ट हवेत, नाहीतर पाम-म्यूटचा चिखल होतो. आणि गेन (आवाज किती विकृत करायचा ते ठरवणारं बटण) कमी ठेवा. एकट्या गिटारला जो गेन अपुरा वाटतो तोच दोन-चार टेक एकत्र आल्यावर बरोबर वाटतो. गेन वाढला की पिकचा आघात पुसला जातो, आणि ट्रेमोलो पिकिंगमध्ये चाल ओळखू येते ती त्या आघातांमुळेच.

अँपच्या आधी ओव्हरड्राइव्ह पेडल लावायची जुनी युक्ती अजूनही उत्तम: ड्राइव्ह जवळपास शून्य, लेव्हल भरपूर. त्यामुळे अँपमध्ये शिरणारा खालचा फुगवटा कमी होतो आणि पाम-म्यूट आवळला जातो. स्वीडिश डेथ मेटलचा करवतीसारखा आवाज हवा असेल तर बॉसचं एचएम-२ हे पेडल, जे १९८३ ते १९९१ पर्यंत बनत होतं. स्टॉकहोमच्या बँडनी त्याची सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवून तो आवाज घडवला. सुरेल चालींच्या अल्बममध्ये मी ते फक्त एका तालाच्या टेकवर, कमी प्रमाणात मिसळतो. सगळीकडे लावलं तर चालीची जागाच ते खाऊन टाकतं.

माइक लावण्याची एक पद्धत तर 'फ्रेडमन' याच नावाने ओळखली जाते. शुअर एसएम५७ जातीचे दोन माइक स्पीकरच्या मध्याजवळ अगदी शेजारी-शेजारी ठेवायचे, एक सरळ आणि दुसरा सुमारे ४५ अंशांत तिरका. सरळ माइक धार देतो, तिरका गोलाई. दोघांचं प्रमाण बदललं की इक्वलायझरला हात न लावता टोन बदलतो. दोन्ही माइकची तोंडं कापडापासून सारख्याच अंतरावर हवीत, नाहीतर फेज बिघडून, म्हणजे दोन माइकमधल्या लहरी एकमेकींना खोडून, आवाज पोकळ होतो. खरा कॅबिनेट (स्पीकरची पेटी) नसेल तर इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे त्याच्या आवाजाची संगणकातली नक्कल, वापरा. मात्र शेकडो फाइल्स चाळत बसू नका. तीन निवडा, गाण्यात ऐका, एक ठेवा.

चालीच्या गिटारीसाठी वेगळा टोन करा. मध्यम पट्टी जास्त, गेन थोडा वेगळा, आणि जमलं तर गिटारही वेगळी. ही गायिका आहे, गर्दीतून तिचा गळा वेगळा ओळखू यायला हवा. जोडीच्या दोन्ही ओळी शक्यतो एकाच वादकाने वाजवाव्यात. दोन वादकांचे सूर जुळतात, पण व्हायब्रेटोचा (स्वराच्या आंदोलनाचा) वेग आणि रुंदी जुळत नाही, आणि लांब स्वरावर ते लगेच कानाला लागतं. दोघांनीच वाजवायचं असेल तर समोरासमोर बसून फक्त व्हायब्रेटोचा सराव करा.

बेसबद्दल थोडक्यात. सिग्नल दोन भागांत तोडा. साधारण २०० हर्ट्झच्या खाली स्वच्छ आणि कॉम्प्रेस केलेला (चढउतार कमी केलेला), वर डिस्टॉर्शन दिलेला. बेसचा खालचा सी ३२.७ हर्ट्झचा असतो, लहान स्पीकर तो वाजवूच शकत नाहीत. वरची खरखर असते म्हणून बेस तिथेही जाणवतो.

गळा

चुकीच्या पद्धतीने केलेलं ग्राउल गळ्याला इजा करतं. हे मी कळकळीने सांगतो, कारण चांगले आवाज असे वाया गेलेले पाहिले आहेत. फॉल्स कॉर्ड आणि फ्राय या दोन प्रचलित पद्धती आहेत. पहिलीत खरखर स्वरतंतूंच्या वरच्या घड्यांतून येते आणि आवाज जाड, खालचा होतो. दुसरी हलक्या, आवळलेल्या आवाजातून वर चढते आणि धारदार किंचाळी देते. दोन्हींत जोर पोटातून येतो, गळा मोकळा राहतो. खवखव, ठसका किंवा वेदना सुरू झाली की त्या दिवसाचं काम थांबवा. मुद्रणाआधी १५-२० मिनिटं गुणगुणणं आणि स्ट्रॉमधून हळू आवाज काढणं, अधूनमधून कोमट पाणी, आणि एका दिवसात फार तर दोन गाणी. दोन तासांनंतरचे टेक ऐकून बघा, त्यातला राग गेलेला असतो आणि थकवा उरलेला असतो.

माइक डायनॅमिक चालतो. शुअर एसएम७बी बऱ्याच ठिकाणी दिसतो, पण हातात धरायचा साधा माइकसुद्धा चांगला, कारण गायकाचं अंग मोकळं राहतं. संपूर्ण कडवं एका दमात घ्या. ओळीओळीने तोडून घेतलं तर श्वासाची खरी ओढ निघून जाते. जोड-आवाज मोजक्या शब्दांवरच ठेवा: खाली जाड, वर किंचाळी, आणि तो शब्द भिंतीसारखा उभा राहतो. स्वच्छ गायन घेणार असाल तर त्या जागी गिटारने चाल सोडून द्यावी, कारण तिथे गायिका बदललेली असते.

मिक्स

रचनेच्या वेळचा तो आडवा कागद इथे पुन्हा काढा. मिक्स म्हणजे त्याच कागदाची अंमलबजावणी.

तालाच्या गिटारीखालून ८० ते १०० हर्ट्झपर्यंतचा भाग काढून ती जागा बेस आणि किकला द्या. पाम-म्यूटवर १०० ते २५० हर्ट्झच्या पट्टीत जो फुगा येतो तो साध्या इक्वलायझरने कापला तर उघड्या कॉर्ड्स बारीक होतात. तिथे मल्टिबँड कॉम्प्रेसर (ठरावीक पट्टीपुरताच आवाज दाबणारा) लावा, म्हणजे फुगा आला तेव्हाच तो दाबला जाईल. किकला ४ ते ६ किलोहर्ट्झच्या आसपास टोक द्या, त्याशिवाय वेगवान डबल किक ऐकूच येत नाही.

त्यानंतर चाल. इतर संगीतात गायकाला जी जागा मिळते ती इथे तिला द्या. एकटी चाल मध्याजवळ ठेवा. जोड असेल तर दोन्ही गिटारी डावीकडे-उजवीकडे अर्ध्यापर्यंत सरकवा, जेणेकरून टोकाला तालाची भिंत आणि मधे गळा राहील. चाल आली की तालाच्या गिटारी एक डेसिबलने खाली आणा, गेली की परत वर. हे हाताने, गाणंभर करावं लागतं. कंटाळवाणं काम आहे आणि मिक्समधला सर्वांत मोठा फरक यानेच पडतो. गळ्यावर भरपूर कॉम्प्रेशन चालतं, पण पातळी स्नेअरच्या बरोबरीची ठेवून बघा. बहुतेक पहिल्या मिक्समध्ये गळा गरजेपेक्षा वर असतो.

परीक्षा दोन. आवाज अगदी लहान करून ऐका, आणि फोनच्या स्पीकरवर ऐका. दोन्हीकडे चाल ओळखू आली पाहिजे. आवडत्या अल्बमशी तुलना करताना दोन्हींची पातळी सारखी करून घ्या, नाहीतर मोठा आवाजच चांगला वाटतो.

मास्टरिंग आणि क्रम

शक्य असेल तर मास्टरिंग, म्हणजे मिक्सवरचा शेवटचा हात, दुसऱ्या माणसाकडे द्या. मिक्स केलेल्या कानांना स्वतःच्या चुका ऐकू येईनाशा झालेल्या असतात. मास्टर चॅनेलवरचा लिमिटर (आवाजाची वरची मर्यादा बांधणारा) काढून, शिखरांना थोडी मोकळीक ठेवून, २४ बिटची फाइल पाठवा.

मेटलचे मास्टर साधारण उणे ९ ते उणे ७ एलयूएफएसपर्यंत (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) मोठे असतात. स्पॉटिफाय मात्र प्रमाणित पातळीवर, म्हणजे उणे १४ वर, सगळं समान करतं. म्हणजे मोठेपणाच्या शर्यतीत मिळवलेला फायदा तिथे मावळतो आणि दबलेले ड्रम्स तेवढे उरतात. ट्रू पीक (आवाजाचं खरं शिखर) उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मास्टर उणे १४ हून मोठा असेल तर स्पॉटिफाय उणे २ ची शिफारस करतं. व्हायनल तबकडी काढणार असाल तर त्याचा मास्टर वेगळा लागतो: खालचे स्वर मध्यभागी, सिंबल्स ताब्यात, आणि एका बाजूला शक्यतो २० मिनिटांच्या आसपास. तबकडीच्या मध्याजवळच्या चरांत वरच्या पट्टीतला आवाज आधी फाटतो. म्हणून बाजूच्या शेवटी सर्वांत जहाल गाणं न ठेवता संथ किंवा ध्वनिक गिटारचं गाणं ठेवणं फायद्याचं.

क्रम ठरवताना सलग दोन गाणी एकाच स्वरात आणि एकाच टेम्पोवर येणार नाहीत एवढं बघा. पहिल्या गाण्यात चाल पहिल्या मिनिटातच यावी. लांबलचक प्रस्तावना जिव्हाळ्याच्या असतात, पण नवा ऐकणारा तेवढा थांबत नाही.

प्रकाशन

मास्टर हातात आल्यावर निदान दहा-बारा आठवडे ठेवा, व्हायनल असेल तर आणखी काही महिने. छापखान्याकडून आलेली चाचणी-तबकडी दोन्ही बाजू पूर्ण ऐकूनच मंजूर करा.

आधी कागद. प्रत्येक गाण्यात रचनेचा आणि शब्दांचा वाटा कोणाचा किती, हे सर्वांच्या सह्यांनिशी लिहून ठेवा. रचनेचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. मुखपृष्ठाच्या चित्रकाराकडूनही अल्बम, टी-शर्ट, जाहिरात या सगळ्यांसाठीची परवानगी लेखी घ्या. मैत्रीत हे बोलायला अवघड वाटतं, म्हणूनच ते मैत्री असताना बोलावं. लेबलशी करार करताना मास्टरचे हक्क किती वर्षांसाठी जात आहेत ते आकड्यात लिहून घ्या.

डिजिटल वितरकाकडे फाइल्स चढवताना प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकी क्रमांक लागतो आणि संपूर्ण अल्बमला एक बारकोड. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेलचं ठेवा, आणि ते नखाएवढं करून लोगोची आकृती ओळखू येते का बघा. या शैलीत लोगो गुंतागुंतीचा असला तरी चालतो, पण बँडचं नाव लेखी माहितीत सगळीकडे एकाच वर्तनीत हवं. एका ट्रॅकच्या नावात आमची एक जागा जास्त पडली होती, आणि ते गाणं काही ठिकाणी वेगळ्याच नोंदीखाली गेलं. ते जुळवायला अल्बम तयार करण्याइतकाच संयम लागला.

प्रकाशनाचा वार शुक्रवार. १० जुलै २०१५ पासून जगभर तोच प्रघात आहे. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर ते प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी करावं लागतं. मी तीन-चार आठवडे आधीच करतो. अल्बमआधी दोन किंवा तीन गाणी सोडा. पहिलं गाणं निवडताना बँडला सर्वांत अवघड वाटणारं गाणं पुढे येतं. त्याऐवजी ज्याची चाल सराव पाहायला आलेल्या मित्राने जाताना गुणगुणली ते घ्या.

मेटलचे श्रोते अजूनही अल्बम विकत घेतात. बँडकॅम्प हे संगीत विकणारं संकेतस्थळ डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के घेतं. मार्च २०२० पासून तिथे ठरावीक 'बँडकॅम्प फ्रायडे'ना हा वाटा सोडला जातो. वर्षभरातल्या त्या तारखा बघूनच आगाऊ नोंदणी उघडा. समीक्षकांना आणि रेडिओवाल्यांना सहा ते आठ आठवडे आधी पाठवा: ऐकण्याचा खासगी दुवा, चार ओळींचा परिचय, छायाचित्र आणि मुखपृष्ठ. प्रत्येकाला त्याच्या नावाने, त्याचं लेखन वाचून लिहा. अल्बम बाहेर आला की २००२ पासून चालू असलेल्या 'एन्सायक्लोपीडिया मेटॅलम' या मेटल बँडच्या ऑनलाइन कोशात नोंद करा. जगभरातले मेटल श्रोते नवा बँड शोधताना तिथे बघतात.

पहिल्या आठवड्यात आकडे रोज पाहण्याचा मोह होतो. तो वेळ आलेल्या प्रत्येक संदेशाला उत्तर देण्यात घाला. कोणत्या सेकंदाला अंगावर काटा आला हे ऐकणारे फार नेमकं सांगतात. ते टिपून ठेवा, पुढच्या आडव्या कागदासाठी ती उत्तम सामग्री आहे.

आणि प्रकाशनाच्या गडबडीत एक दिवस साठवणीसाठी राखून ठेवा. प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत साध्या वेव्ह फाइलमध्ये, गिटारींचे कोरे सिग्नल, टेम्पोचा आराखडा, ट्युनिंगची आणि तारांच्या संचाची नोंद, गळ्याशिवायचं मिक्स, आणि शब्दांचा शेवटचा खर्डा. दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत.